सासऱ्यांची गाडी आणि पालिकेचा बाक

पालिकेच्या रस्ते विभागात सुनेचं काम एकच होतं: रस्त्यावरची गाड्यांची जागा काढून माणसांना द्यायची. आजवर हे काम तिने इतरांच्या गल्ल्यांमध्ये केलं होतं आणि लोकांचे शिव्याशाप शांतपणे ऐकून घेतले होते. या वेळी साहेबांनी प्रयोगासाठी निवडली ती तिचीच गल्ली. कडेच्या गाड्या हटवायच्या, तिथे बाक आणि झाडांच्या कुंड्या ठेवायच्या आणि महिनाभर काय होतं ते बघायचं.

शेजाऱ्यांनी कुरकुरत का होईना, गाड्या काढल्या. एकच उरली. राखाडी, टायर बसलेली, वायपरमध्ये वाळकी पानं अडकलेली. ती सुनेच्या सासऱ्यांची होती.

"सोमवारी संध्याकाळी मी येतो," साहेब म्हणाले. "तोवर ती हलली नसेल तर प्रयोग रद्द. आणि गाडी कुणाच्या घरची आहे, हे मी वर कुणाला सांगितलेलं नाही. मलाच लाज वाटते."

गाडी कैक वर्षांत जागची हलली नव्हती, पण वापरात मात्र रोज होती. संध्याकाळ झाली की सासरे स्टिअरिंगमागे जाऊन बसत. शेजारी कोपऱ्यावरचा शिंपी. मागच्या सीटवर निवृत्त पोस्टमास्तर आणि कशालाही मान डोलावणारे एक गृहस्थ, ज्यांना अख्खी गल्ली होयबा म्हणे. या बैठकीचे कायदे होते. ज्याची तक्रार असेल त्याने पुढे बसायचं. काचा वर असल्या तर विषय खाजगी. रागावलेल्या माणसाने उतरून दार आपटायचं, गाडीला एक फेरी मारायची आणि दुसऱ्या दाराने परत आत यायचं.

"बाबा, गाडी हलवायला लागेल," सून म्हणाली.

"का? तुला रस्त्यावर माणसं बसलेली हवीत ना? मग आम्ही काय बटाट्याची पोती आहोत?"

"मी आधी मोजणी केली होती. आपल्या गल्लीत रस्त्यावर बसणारं कुणी आढळलं नाही."

"आढळलं नाही? अगं, मी तुला हात केला होता! तूही केलास!"

सुनेला ते आठवत होतं. "गाडीत बसलेला माणूस मोजायचा नाही असा नियम आहे," ती म्हणाली. "त्याला वाहनात धरतात."

"आम्ही चौघं होतो."

"चौघं मिळून एक. उभं वाहन."

स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "तरीच! चहाला हाक मारली की उत्तराला हॉर्न वाजतो."

सासरे दुखावले. नियम मूर्खपणाचा आहे, हे सुनेने लगेच मान्य केलं. नियम तिनेच बनवला होता. मग तिने विनवलं, "एक संध्याकाळ बाकावर बसून तर बघा. नाही आवडलं तर मी पुन्हा शब्द काढणार नाही."

शनिवारी नमुन्याचा बाक आला. गाडीच्या पुढेच, शेजाऱ्याने रिकाम्या केलेल्या जागेत तो ठेवला. सासरे उजवीकडे बसले, शिंपी डावीकडे. बाकावर जागा असूनही पोस्टमास्तर आणि होयबा मागे जाऊन उभे राहिले.

"पुढे या की," सून म्हणाली.

"आमची जागा मागे आहे," पोस्टमास्तर म्हणाले.

"मागेच आहे," होयबा म्हणाले.

थोड्या वेळाने शिंप्याने सासऱ्यांच्या विजारीच्या शिलाईवरून काहीतरी टोमणा मारला. सासरे ताडकन उठले, हवेतलं दार उघडलं, बाहेर आले, तोंडाने "धाड!" केलं आणि बाकाला फेरी मारली.

"मजा नाही," ते सुनेला म्हणाले. "दारच नाही या रस्त्याला. राग काढायचा कुठे माणसाने?"

तेवढ्यात दातांच्या दवाखान्यात काम करणारी एक बाई दोन पिशव्या सावरत आली. "सरका हो जरा," म्हणून ती सासऱ्यांच्याच जागेवर बसली. गाडीत असं कुणी परकं माणूस कधी बसलं नव्हतं. सासरे उभेच राहिले.

"पाय मोडले माझे," ती म्हणाली. "त्या दोन भावांनी आज वात आणला. दोघांत मिळून एकच कवळी!"

"एकच?" शिंपी म्हणाला.

"थोरल्याला सकाळी, धाकट्याला संध्याकाळी. इतकी वर्षं सुरळीत चाललं होतं. आता दोघांना एकाच लग्नाचं बोलावणं आलंय. दुपारचं! आज डॉक्टरांपुढे भांडले. भांडतानाही आळीपाळीने, कारण ज्याच्या तोंडात कवळी त्याचंच बोलणं कळतं."

"मग डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरांनी जे केलं ना..." बाईने घड्याळ पाहिलं. "अगंबाई, उशीर झाला! उद्या सुट्टी माझी. सोमवारी सांगते." आणि गेली.

रविवारी सासरे जेवताना मध्येच थांबत. "मधोमध कापली असेल?" ते विचारत.

"काय उपयोग?" सासूबाई म्हणायच्या. "अर्ध्या कवळीने लग्नातला लाडू फुटतो का?"

तरीही गाडी हलवायचं नाव ते काढेनात. सोमवारी संध्याकाळी साहेब टेम्पो घेऊन आले. राखाडी गाडी जागच्या जागी. साहेबांनी सुनेकडे पाहिलं, सुनेने मान खाली घातली आणि टेम्पोतल्या दोन माणसांनी बाक उचलला.

"ए! ठेवा तो खाली!" सासरे गाडीतून ओरडले. "बाई यायच्यात अजून!"

"गाडी हलली तरच बाक राहील," साहेब म्हणाले.

सासऱ्यांनी किल्ली फिरवली. गाडी खोकलीसुद्धा नाही. तेव्हा शिंपी, पोस्टमास्तर आणि होयबा उतरून मागून ढकलायला लागले, मग बाक खाली ठेवून टेम्पोवाले, शेवटी शर्टाच्या बाह्या सरसावून साहेबही. वळणापलीकडे सासऱ्यांच्या मेहुण्याच्या अंगणात गाडी न्यायची होती. सासरे स्टिअरिंगवरून सगळ्यांना झापत होते. गाडी गल्लीच्या मधोमध आडवी झाली आणि दवाखान्यातली बाई येऊन बाकावर टेकली.

सासऱ्यांनी दार उघडलं. "सूनबाई, धर जरा स्टिअरिंग."

"बाबा, मला गाडी येत नाही!"

"हिलाही चालता येत नाही. बस."

सून बसली. मागचा रेटा हळूहळू कमी होत गेला. आरशात तिला आधी शिंपी जाताना दिसला, मग पोस्टमास्तर, होयबा, टेम्पोवाले. साहेब शेवटपर्यंत टिकले. मग तेही हात झटकत म्हणाले, "आलोच हं," आणि बाकामागे जाऊन उभे राहिले.

बाई हातवारे करून काही सांगत होती. सगळे एकदम हसले. सासऱ्यांनी तर मांडीवर थाप मारली.

सुनेने काच खाली करायची मूठ फिरवली. काच दोन बोटं उतरून अडकली. तिने त्या फटीला तोंड लावलं.

"अहो बाई, थांबा!" ती ओरडली. "मला ऐकू येत नाहीये! पहिल्यापासून सांगा!"