टाकीवरच्या जावयाचा दहावा भाग

आपटी खाल्लेल्या विनोदी मालिकांवर जीव टाकणारी माणसं जगात असतात, आणि त्यातली चार दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी अकोल्यात अब्दुल सत्तार यांच्या शिलाईच्या दुकानात जमतात. अश्विन त्यासाठी अमरावतीहून बसचे धक्के खात येई. इथं मांडायच्या मालिकेनं तेरा भागांच्या आत गाशा गुंडाळलेला हवा, ही पहिली अट. दुसरी अट म्हणजे सबीहा. सत्तारभाईंची ही बहीण उर्दू शाळेची मुख्याध्यापिका. पोरांसमोर तीस वर्षं हसू दाबून दाबून तिचं तोंड तसंच राहिलं होतं. मालिकेतला एक प्रसंग सांगायचा. सबीहा हसली तर मालिका भिंतीवरच्या 'पाहण्यालायक' यादीत, नाही हसली तर कचऱ्यात.

आज पंचफुलाबाईंनी 'टाकीवरचा जावई' काढली आणि अश्विननं कान टवकारले. कारण ती त्यानंच लिहिली होती. सहा वर्षांपूर्वी, मुंबईत, टोपणनावानं. नऊ भागांनंतर वाहिनीनं तिच्या जागी वांग्याचं भरीत शिकवणारा कार्यक्रम लावला, आणि लेखकसाहेब निमूट अमरावतीला परतून विम्याच्या पॉलिसी विकू लागले. या तिघांना त्यानं हे कधी सांगितलं नव्हतं. आधी मालिका पास होऊ दे, मग ऐटीत सांगू, असा त्याचा बेत होता.

पंचफुलाबाई म्हणजे निवृत्त नर्स. बाई मायाळू, पण विनोद सांगण्यात अगदीच कच्च्या. "धोंड्याच्या महिन्यात जावई येते," त्या म्हणाल्या, "आन् जायाचं नावच घेत नाई. मंग तो मोबाइलले रेंज भेटत नाई म्हून कॉलनीच्या पान्याच्या टाकीवर चढते, आन् सासू..." इथं त्यांनाच हसू फुटलं. डोळे पुसत म्हणाल्या, "सासू शिडीच काढून घेते!"

सबीहानं चहाचा घोट घेतला. चेहरा ढिम्म.

"मी पाह्यली हाये ते," सत्तारभाई म्हणाले. "त्याच्यात हसाले फक्त जाहिराती होत्या. लिवनारा कोन गधा होता कोन जाने. टाका कचऱ्यात."

अश्विनला राग आला. त्याहून वाईट म्हणजे, पाहिलेल्या नऊ भागांबद्दल सत्तारभाईंचं म्हणणं खरं होतं.

"टाका बापा," पंचफुलाबाई म्हणाल्या. "पन कोनी मले एवढं सांगा, तो जावई खाली उतरला का नाई? सहा वर्सं झाले, मी इचार करून राहिली."

"नाई उतरला," अश्विन बोलून गेला.

तिघांनी वळून पाहिलं. आता माघार नव्हती.

"दहाव्या भागात सासू बादलीले दोरी बांधून वर पुरनपोळ्या पाठोते. जावयाले वरतंच गमते. म्हनते, आता महिना सरेपर्यंत मी इथंच. पह्यल्या दिवशी सारी कॉलनी हसते. दुसऱ्या दिवशीही हसते. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे नळाखाली बादल्या लावून उभे, आन् एकाएकी सगळ्यायच्या डोक्यात एकच सवाल येते..." अश्विन थांबला. "जावई आंघोळ कुठी करून राहिला?"

सबीहाच्या नाकातून चहा आला. मग तिनं शिलाई मशीनवर कपाळ टेकलं आणि ती गदागदा हसत राहिली. बहिणीला असं हसताना सत्तारभाईंनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"पन दहावा भाग तं दाखोलाच नाई," ते म्हणाले. "तुमाले कसा मालूम?"

"तो गधा मीच," अश्विन म्हणाला. "मीच लिवला."

सत्तारभाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मंग पह्यले नऊ कोनं लिवले होते?"

इतकं मनापासून कौतुक अश्विनचं मुंबईत कोणीही केलं नव्हतं. तो पोट धरून हसला. सत्तारभाईंनी कापडावर खुणा करायचा खडू उचलला आणि भिंतीवरच्या यादीत लिहिलं: 'टाकीवरचा जावई. फक्त दहावा भाग पाहावा.'

पंचफुलाबाईंना यादीशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी आपलं स्टूल अश्विनजवळ ओढलं.

"मंग अकराव्यात काय होते?"

अकरावा त्यानं कधी लिहिलाच नव्हता.

"सांगतो मावशी," तो म्हणाला, आणि अमरावतीची पाचची बस गेली ती गेलीच.