डोळ्यात चुना गेला तेव्हा

बोनकोडे गावात जुन्या घराच्या जागी चार मजली इमारत उभी राहिली, तरी जत्रेआधी देवीच्या ओट्याला चुना देवजी आणि त्याची धाकटी बहीण पुतळाच देत. दोघंही साठीच्या पुढची. पुतळा त्यासाठी बेलापूरहून माहेरी येई.

"आपली आई शिंपल्या भाजून चुना करायची," बादलीतल्या कळीच्या चुन्यावर पाणी ओतता ओतता ती म्हणाली. "आख्ख्या आलीला, शेवटच्या घरापर्यंत वास यायचा."

तेवढ्यात चुना फसफसून उसळला.

"दादा, डोल्यान गेला."

तिचा हात डोळ्याकडे जाण्याआधी देवजीने मनगट पकडलं. "चोलू नको."

त्याने तिला अंगणातल्या नळाखाली वाकवलं, पापण्या बोटांनी फाकवल्या आणि धार सोडली. सून स्नेहल धावत खाली आली.

"बाबा, आधी डॉक्टरकडे नेऊ या ना."

"आधी पानी. तू मोबाइलवर टाइम बघ. वीस मिनटं झाली की रिक्षा."

पुतळा कळवळत होती. "घरान तूप हाय ना? आईनं तुज्या डोल्यान तूपच घातलेला."

"म्हनून तर नको," देवजी म्हणाला.

तो सात वर्षांचा असताना त्याच्याही डोळ्यात असाच चुना उडाला होता. आईने तूप सोडून वर फडकं बांधलं. तीन दिवसांनी ठाण्याचे डॉक्टर म्हणाले, त्याच क्षणी पाण्याने धुतला असता तर डोळा वाचला असता. डाव्या डोळ्याला तेव्हापासून नुसता उजेड कळतो.

दवाखान्यात डॉक्टरांनी पुन्हा डोळा धुतला, पापणी उलटून अडकलेले कण काढले. "लगेच पाणी मारलंत, फार बरं झालं. नजर राहील. महिनाभर औषध मात्र चुकवू नका."

रिक्षात पुतळा पट्टी बांधून भावाला टेकून बसली.

"आईला कोनी सांगितलाच नव्हता, दादा."

"मी तिला तेच सांगायचो, तुजी चूक नाय. पन ती ऐकायची नाय. मी झोपलो का डोक्यावरून हात फिरवत रडायची. मी जागा असायचो."

पुतळाला हे ठाऊक नव्हतं. कोपरखैरण्याच्या सिग्नलला तिने त्याचा हात हातात घेतला. मग म्हणाली, "तिचा हात खरखरीत व्हता, नाय?"

"मिठागरातल्या मिठानं," देवजी म्हणाला. "पन गरम असायचा."