मे महिन्यात चढणारी विहीर

मुलगा सुष्मिताला पसंत होता. पण त्याचं घर बघायला मीही येणार, असं तिनं जाहीर केलं तेव्हा अप्पांचा चहा बशीत सांडला.

"घर बघायला बाप जातो, काका जातो. मुलगी कुठं जाते होय?"

"अप्पा, मला घर नाही, विहीर बघायचीय."

सुष्मिता भूगर्भशास्त्र शिकलेली, कोल्हापुरात भूजलाच्या कचेरीत कामाला. देशभरात मोजणीसाठी हजारो विहिरी ठरवून ठेवलेल्या असतात. वर्षातल्या ठरलेल्या महिन्यांत माणसं तिथं जातात, टेप सोडून पाणी किती खोल आहे ते बघतात, आणि ते सगळे आकडे दिल्लीला एका मोठ्या साठ्यात जमा होतात. कुठल्या भागात जमिनीखालचं पाणी आटत चाललंय आणि कुठं टिकून आहे, ते त्यावरून समजतं. आपल्या जिल्ह्याचे आकडे पुढं जाण्याआधी तपासणं हे सुष्मिताचं काम.

त्यात नेसरीची एक विहीर तिला छळायची. पावसाळ्यात भरायची, थंडीत उतरायची, मार्चमध्ये आणखी खाली जायची, इथवर शहाण्यासारखं चालायचं. आणि मे महिन्यात आजूबाजूच्या विहिरी तळाला टेकलेल्या असताना ही बया एकदम वर! आलेखावर दर वर्षी त्या जागी नाक उभं. सुष्मिता तो आकडा संशयास्पद म्हणून बाजूला काढायची आणि मोजणीला जाणारा तिचा सहकारी संघर्ष वैतागायचा.

"मॅडम, टेप मी स्वतः सोडलाय. पाणी तिथंच होतं. कसं आलं ते आता पाण्यालाच जाऊन विचारा."

जाऊ जाऊ म्हणता म्हणता जाणं राहूनच गेलं. आणि मग हे स्थळ आलं. मुलगा महांतेश, गाव नेसरी, गडहिंग्लजला पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. पोहे खाता खाता तो सहज म्हणाला, "आमच्या विहिरीवर सरकारी नंबर टाकलाय." सुष्मितानं ताडकन विचारलं, "कुठला?" त्याला काही तो पाठ नव्हता. बिचाऱ्यानं पोह्यांची बशी खाली ठेवून घरी फोन लावला आणि विचारून घेतला. नंबर तोच निघाला.

त्यामुळं मे महिन्यातल्या एका रविवारी अप्पा आणि सुष्मिता नेसरीला पोहोचले. महांतेशचे आजोबा रुद्राप्पा अंगणातच उभे होते. पांढरा पटका, आवाज असा की पलीकडच्या गल्लीला ऐकू जावा.

"या पावणं, या! पोरगीबी आली की! लई ब्येस केलंसा!"

ताक झालं, भाकरी-खर्डा झाला, शेती किती, ऊस किती, सगळं बोलून झालं. अप्पा खूश होते. एवढ्यात मळ्याच्या बाजूनं आरडाओरडा ऐकू आला आणि पाठोपाठ काहीतरी धप्पकन पडल्याचा आवाज.

"काय पडलं?" अप्पा दचकले.

"काय न्हाय, पोरं हाईत. हिरीत पवत्यात."

सुष्मिता उठलीच. ओळख ना पाळख अशा घरात पदर सावरून बसायचं सोडून ती मळ्याकडं चालू लागली, आणि तिच्या मागून बाकी सगळे.

विहिरीवर जत्रा भरली होती. पाठीला पांगिऱ्याचं तरंगतं लाकूड बांधलेली बारकी पोरं, ट्यूबमध्ये अडकवलेल्या पोरी, आणि काठावरून मुटका मारायला रांग लावून उभी असलेली मोठी कार्टी. काठाच्या दगडावर निळ्या रंगातला तो नंबर, आणि त्याच्या शेजारून आत सोडलेला मांडीएवढा जाड पाइप. पाइपातून पाणी नुसतं धो धो कोसळत होतं.

"हे पाणी कुठलं?" सुष्मितानं विचारलं.

"घटप्रभेचं," रुद्राप्पा छाती फुगवून म्हणाले. "मे म्हैन्यात हीर आटती. मग गावच्या पोरास्नी पवायला कुठं शिकवायचं? म्हणून नदीवरच्या मोटरीचं पाणी घेतो. मोजणीवाला आला की पाइप वढून पोरास्नी भाईर काढतो, त्याला अडचण नको म्हणून. माझ्या बापानं हीर पाडली, पर पोरास्नी पाणी मी आणलं. ह्या गावात बुडून मरणारं पोर आता घावायचं न्हाय!"

सुष्मिता मोठ्यानं हसली. इतकी वर्षं जे कोडं घेऊन ती टेबलाशी बसली होती, ते तिच्यासमोर चड्डी घालून उड्या मारत होतं. आणि हसण्याच्या भरात ती बोलून गेली, "म्हणजे अज्जा, मे महिन्याचा तुमच्या विहिरीचा आकडा खोटाच की!"

रुद्राप्पांचा चेहरा उतरला. मग तापला.

"खोटा? आमची हीर खोटी? पावणं, तुमची पोरगी सोयरिकीला आलीया का चौकशीला?"

अप्पांनी तिच्या दंडाला चिमटा काढला. सुष्मिताला चूक कळली. ती काठावर अज्जांच्या शेजारी जाऊन बसली.

"विहीर खोटी नाही, अज्जा. विहीर लाख मोलाची आहे. तुमच्या वडिलांच्या काळापासून हिचं पाणी मोजलं जातंय. एवढ्या जुन्या नोंदी असलेल्या विहिरी या भागात फार नाहीत. पण आम्ही मोजतो ते नदीचं पाणी. हिच्या पोटातलं पाणी मे महिन्यात किती असतं, ते कुणालाच माहीत नाही."

पाण्यातली पोरं काठाला चिकटून ऐकू लागली.

"मग नदीचं पाणी बंद करा म्हनतीस?" अज्जांनी विचारलं.

"न्हाय!" विहिरीतून एका सुरात ओरडा आला.

इतका वेळ मागं उभा असलेला महांतेश आता पुढं आला. "अज्जा, बंद कशाला करायचं? मोटार माझ्या हातात हाय. मोजणी व्हईपर्यंत मी चालू करत न्हाय. मोजणी झाली की बटण दाबायचं."

"आणि मोजणीवाले म्हैनाअखेरला आले तर? पोरांची सुट्टी संपंल की रं!"

"पुढच्या वर्षी पहिल्या दिवशी नेसरी," सुष्मिता म्हणाली. "मोजणी इथूनच सुरू करायला लावते. संघर्षशी भांडेन, पण लावते."

"भांडायचं तुमाला जमतं, ते बघितलं मी," महांतेश म्हणाला, आणि अज्जा पहिल्यांदा हसले.

तरीही परतीच्या वाटेवर अप्पा कपाळाला हात लावून बसले होते. "गेलं स्थळ. म्हाताऱ्याची विहीर खोटी म्हणालीस, ते पण त्याच्या तोंडावर." गडहिंग्लज मागं पडतं न पडतं तोच त्यांचा फोन वाजला. रुद्राप्पांचा आवाज स्पीकर न लावताही गाडीभर ऐकू आला. मुलगी पसंत होती. तोंडावर बोलणारं माणूस त्यांच्या घरात कमी होतं म्हणे.

दिवाळीनंतर लग्न झालं. सुष्मितानं जुन्या नोंदींपुढं शेरा लिहून पाठवला: मे महिन्यात विहिरीत बाहेरून नदीचे पाणी सोडले जाते, कारण मुलांचे पोहणे. दिल्लीहून उत्तर आलं. शेरा मान्य, आणि मे महिन्यात वर चढणाऱ्या आणखी काही विहिरींची यादी सोबत, तेथेही कोणी पोहते का ते पाहावे.

पुढच्या मे महिन्यात संघर्ष सगळ्यात आधी नेसरीला आला. त्यानं टेप सोडला, सोडतच गेला, आणि आकडा वाचला. पाणी पार तळाला होतं. सुष्मिताला काय आनंद झाला! अज्जा मात्र तोंड पाडून उभे.

"एवढं खाली? दिल्लीची माणसं काय म्हणतील गं?"

"म्हणतील, रुद्राप्पांची विहीर खरं बोलते."

अज्जांनी जरा विचार केला, पटका नीट केला, आणि मळ्याच्या टोकाला मोटारीपाशी उभ्या असलेल्या महांतेशला अशी आरोळी दिली की संघर्षच्या हातातला टेप सुटता सुटता राहिला. पोरांनी तोवर सदरे काढलेच होते.