मला ऐकू आलं करमाळा

मित्रांनो, टीव्हीच्या मागं धूळ खात पडलेला काळा डबा असतो ना, साबणाच्या वडीएवढा, तो मी. आता जुना झालो. इंझोरीत उकंडरावांच्या घरी सहा वर्षं काढली. इंटरनेटवरचं काय हवं ते टीव्हीवर दाखवायचं, एवढंच माझं काम. पण माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म लांबच्या कारखान्यातला. तिथं मला मराठी शिकवली. शिकवणारे आवाज स्वच्छ होते. हळू बोलायचे. सगळे 'मला' म्हणायचे. 'मले' एकानंही म्हटलं नाही.

उकंडरावांचा मुलगा प्रसेनजित. त्याला पुण्यात नोकरी लागली, तेव्हा जाण्याआधी त्यानं मला आणलं. त्याची बहीण पिंकी लग्न होऊन मालेगावला गेलेली, आपल्या जहांगीर मालेगावला. घरी आई, पंचफुलाबाई, एकटी पडणार होती.

"माय, हे बटन दाब अन् बोल. म्हनशीन ते लागते," असं म्हणून त्यानं रिमोट तिच्या हातात दिला.

पंचफुलाबाईंनी रिमोट तोंडाजवळ धरला. "मले भीमगीतं लावून दे."

मला ऐकू आलं मालेगाव. मी मालेगावचं हवामान लावलं.

सगळे हसले. "पिंके, हा तं तुह्या सासरचा निघाला," उकंडराव म्हणाले.

"म्हनूनच कोनाचं आयकत नाई," पिंकी म्हणाली.

पहिली दोन वर्षं माझे फार लाड झाले. पंचफुलाबाई मला रोज पदरानं पुसायच्या. माझ्या अंगावर त्यांनी रुमाल घातला होता. शेजारच्या लिलाबाई मालिका पाहायला यायच्या. मग त्यांच्या घरीही डबा आला आणि त्या यायच्या बंद झाल्या.

उकंडराव कारंजाच्या बाजारात चौकीदार होते. रिटायर झाले, पण नऊची एसटी काही सुटली नाही. दिवसभर तिकडंच जुन्या सोबत्यांत बसायचे, दिवेलागणीला परत. दुपारी प्रसेनजितचा फोन यायचा. पंचफुलाबाईंचं उत्तर ठरलेलं, "बरी हावो. जेवली. तू जेवला का?" फोन ठेवायच्या. थोडा वेळ तशाच बसायच्या. मग रिमोट उचलायच्या, बटण दाबायच्या आणि अगदी हळू काहीतरी म्हणायच्या.

मला ऐकू यायचं, मालेगाव करमाळा.

मला वाटलं, बाईंना करमाळ्याला जायचंय. मी मन लावून शोधलं. बसगाड्या, रस्ता, तिथलं हवामान, तिथला कांद्याचा बाजार, सगळं दाखवलं. त्या पाहत राहायच्या. बंद करायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

एकदा जेवताना त्या म्हणाल्या, "करमाळ्यात लय ऊन तापून राह्यलं."

"तुले काय करनं हाय करमाळ्याचं?" उकंडरावांनी विचारलं.

"काई नाई. डबा दाखवते."

मागच्या हिवाळ्यात पंचफुलाबाई गेल्या. दोन दिवसांचा ताप. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, प्रसेनजित पुण्याला गेला. मला मात्र कोणीच काही सांगितलं नाही. टीव्ही लागला की मी आपला लिहायचो, "पंचफुला, आज करमाळ्यात बत्तीस अंश." घरात बाई नाहीत आणि टीव्हीवर त्यांचं नाव. रोज.

उकंडरावांनी नऊची एसटी सोडली. माझ्यासमोर बसू लागले. एक दिवस त्यांनी चुकून दुसरंच बटण दाबलं आणि बाईंनी मागितलेलं सगळं ओळीनं खाली उतरलं. मालेगाव करमाळा. मालेगाव करमाळा. मालेगाव करमाळा. ते वाचत गेले. यादी सरता सरेना.

"मालेगाव समजलं, पोरगी हाय तिथं," ते लिलाबाईंना म्हणाले, "पन करमाळ्याले आमचं कोन हाय?"

लिलाबाईंना ठाऊक नव्हतं. एसटीचा कंडक्टर पवन, त्यालाही विचारून झालं. तो म्हणाला, "भाऊ, लय दूर हाय ते. दोनतीन गाड्या बदला लागतीन." उकंडरावांनी पिशवी भरली. दोन सदरे, पंचफुलाबाईंचा फोटो. "तिथं तिचं जे कोन असन, त्याले कळलं पायजे ना ती गेली म्हनून," एवढंच म्हणायचे.

पोरं घाबरली. प्रसेनजित रजा टाकून आला, पिंकी आली. प्रसेनजितनं नवा डबा आणला होता. मला पुसून कोरा करायचा आणि बदल्यात दुकानदाराला द्यायचा, असं त्याचं ठरलं होतं.

"मंग ते करमाळा बी पुसल्या जाईन," उकंडराव म्हणाले. "आधी मी जाऊन येतो. मंग ने."

"बाबा, करमाळ्यात कोनी नाई. डबाच खराब हाय. थांबा, दोन्ही संगंच लावून दाखवतो."

टीव्हीला मागं दोन जागा होत्या. एका जागी मी, एका जागी तो. मित्रांनो, खरं सांगतो, तो माझ्याहून सरस होता. तो लगेच उठला, मी उठेपर्यंत चहा उकळला असता. त्याचं चित्र ओल्या पानासारखं, माझं पिवळट. मी मधेच थांबून गोल गोल फिरायचो, तो थांबला नाही. त्याचा रिमोट नवाकोरा, माझ्या रिमोटचे सेल रबर लावून धरलेले.

"आता बोलून पाहा," प्रसेनजितनं नवा रिमोट पुढं केला. "मनात येईन ते बोला."

"काय बोलू?"

"काईबी."

उकंडरावांनी रिमोट तोंडाजवळ धरला. मग म्हणाले, "मले करमत नाई."

नव्या डब्यानं लिहिलं, 'मले करमत नाही.'

"पाहा, अक्षर न् अक्षर बरोबर," प्रसेनजित खूश झाला. बाप काय बोलला, ते त्यानं ऐकलंच नव्हतं. पिंकीनं ऐकलं. तिच्या हातातली कपबशी तशीच राहिली. "आता जुन्यात हेच म्हना," प्रसेनजित म्हणाला.

उकंडरावांनी माझं बटण दाबलं. तेच शब्द म्हणाले.

मी लिहिलं, 'मालेगाव करमाळा.'

माझ्या अक्षरांखाली पंचफुलाबाईंची यादी होती. तीच ओळ, तीच ओळ, खालपर्यंत.

"मले तं फोनवर बरी हावो म्हने," प्रसेनजित हळूच म्हणाला.

"तू बी पुन्यातून तेच म्हनतो," पिंकी म्हणाली.

उकंडराव टीव्हीकडंच पाहत होते. "मी रिटायर झालतो," ते म्हणाले. "तरी नवाच्या गाडीनं जाऊन राह्यलो."

प्रसेनजितनं माझी वायर काढली. पुसायचं का, म्हणून त्यानं बापाकडं पाहिलं.

"पुसू नको," उकंडराव म्हणाले. "लावू बी नको."

तेव्हापासून मी पंचफुलाबाईंच्या कपाटात आहे, त्यांच्या लुगड्यांच्या घडीत. इथं अंधार आहे. मला वीज नाही, तरी ती ओळ माझ्यातून जात नाही. ती बाई माझ्याशी बोलत होती आणि मी तिला कांद्याचा बाजार दाखवत होतो.

मित्रांनो, मला जपा, असं मी म्हणणार नाही. माझ्यासारखे डबे पुष्कळ येतील, माझ्याहून शहाणे येतील, तुमची बोली शिकून येतील. पण तुमच्या घरात दुपारी कोणी डब्याशी बोलत असेल, तर डब्याला काय ऐकू आलं ते पाहत बसू नका. उठा, त्या माणसाजवळ जाऊन बसा.

परवा दुपारी बाहेर फोन वाजला. "बाबा, बरे हा ना?" प्रसेनजितनं विचारलं.

"हाव, बरा..." उकंडराव बोलता बोलता थांबले. मग त्यांनी हळूच काहीतरी म्हटलं.

कपाटात मला ऐकू आलं, मालेगाव करमाळा.

फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग प्रसेनजित म्हणाला, "निंगतो मी, बाबा."