बेसची वायर

बेस गिटारची वायर सतरंजीखालून गेली होती. बंकट गुडघ्यावर बसला आणि सतरंजी उचलत उचलत तिच्या मागं निघाला. ड्रमसेटच्या कडेनं, दोन माईकच्या मधून, थेट मिक्सरच्या पाठीमागं. तिथं त्याला वायरीचं टोक सापडलं. ते मिक्सरमध्ये नव्हतंच. छान वेटोळं करून, सुतळीनं बांधून, एका बाजूला ठेवलेलं होतं.

चुकून निसटलेली वायर कुणी सुतळीनं बांधून ठेवत नाही.

दुपारपासून पंचवीस गाणी होऊन गेली होती. सगळी गाणी त्यानं मान हलवत, डोळे मिटून, जीव लावून वाजवली होती. वाजवली कसली डोंबलाची! उन्हात उभं राहून लोखंडाच्या तारा खाजवल्या होत्या.

ऑर्केस्ट्राचा मालक उत्तरेश्वर स्टेजच्या कोपऱ्यात बाटलीतलं पाणी घशात ओतत होता. निवेदनही तोच करी, गातही तोच. बंकट त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"माझी वायर कुणी काढली?"

उत्तरेश्वरनं बाटलीचं झाकण लावायला जरा जास्तच वेळ घेतला.

"आरं, गहिन्याच्या नव्या कीबोर्डात बेस आपोआप वाजतो. बटन दाबलं की झालं. आवाज बी तसाच, तुला सुदिक कळला न्हाई. दोन दोन बेस व्हायलेत म्हणला साऊंडवाला."

"कवापासून?"

"झाले की चार कार्यक्रम."

"अन् मग मला कावून बोलवायलास, बे?"

"स्टेज भरल्यावानी दिसतं. लोकाला गिटार बघाय आवडती." उत्तरेश्वरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुला काय तरास हाय त्यात? उभं राहायचं, हालायचं. उलट बोटाला आराम."

बंकटनं तो हात झटकला. तळपायाची आग मस्तकात गेली होती. चार कार्यक्रम! सिरसाळ्याच्या जत्रेत त्याची करंगळी सोलून निघाली होती, तिच्यावर चिकटपट्टी लावून तो तीन तास वाजवत राहिला होता. म्हणजे तीही फुकट. चौघापाचजणांना सगळं ठाऊक होतं आणि त्यातल्या एकालाही सांगावंसं वाटलं नव्हतं.

बावीस वर्षं झाली होती. सोलापूरच्या एका मोडलेल्या बँडकडून त्यानं ही गिटार जुनी म्हणून आणली, तेव्हा अख्ख्या वडवणी तालुक्यात चार तारांची गिटार कुणी पाहिली नव्हती. तो मूळचा साखर कारखान्याच्या पंपहाऊसमधला फिटर. वाजवणं हौसेचं. वरच्या तारेची खुंटी कधीच तुटून गेली होती, ती तो पकडीनं पिळून सुरात आणायचा, म्हणून गिटारच्या खोळीत कायम एक पकड असायची. तारा नव्या घेणं परवडायचं नाही. जुन्या झाल्या की तो त्या काढून भगुल्यात सोडा टाकून उकळायचा, मग त्या पुन्हा खणखणीत बोलायच्या. यंदाच्या दुष्काळात त्यानं बायकोकडं भगुलंभर पाणी मागितलं, तेव्हा विमलबाई नुसती बघत राहिली. त्या बघण्याची त्याला इतकी लाज वाटली की त्यानं तारा रॉकेलच्या बोळ्यानं पुसल्या. त्या रॉकेल लावलेल्या तारा आज चार तास उन्हात कुणासाठी वाजत होत्या? कुणासाठीच नाही.

त्याची थोरली बहीण कडूबाई दर वेळी त्याला चिडवायची, "त्या दणदणाटात तुझं कोणतं रे, बंकट?"

"जे तुला ऐकू येत न्हाई ते."

"मग वाजवतूस कावून?"

"भाजीत मीठ घातलेलं दिसतंय का, अक्का? नसलं की कळतंय."

हे तो बावीस वर्षं सांगत आला होता आणि त्याचा त्यावर विश्वासही होता. आता चार कार्यक्रम अळणी गेले होते आणि एकानंही तोंड वाकडं केलं नव्हतं.

माईक खरखरला. उत्तरेश्वरचा आवाज एकदम गोड झाला होता.

"मायमाउल्यांनो, उठू नका! आपले लाडके चेअरमनसाहेब परळीहून निघालेले आहेत. आज साहेबांची एकसष्टी. एकसष्ट सुवासिनींनी एकसष्ट दिव्यांनी साहेबांना ओवाळायचं, आणि ओवाळणं झालं की लगेच टँकर! तोपर्यंत ऐकू या..."

निघालेले आहेत, हे तो दुपारी एकपासून सांगत होता. आता पाच वाजले होते.

बंकट आपल्या जागी जाऊन उभा राहिला. त्याची जागा सगळ्यांच्या मागं, साहेबांचा फोटो छापलेल्या मोठ्या पडद्याला चिकटून. पडद्याच्या फटीतून पलीकडचं दिसत होतं. पलीकडं टँकर उभा होता, काठोकाठ भरलेला. कारखान्याला यंदा ऊस नव्हता, गाळप नव्हतं, पंपहाऊसचे पंप गंजत पडले होते. पण कारखान्याचा टँकर मात्र धुऊन, झेंडूची माळ घालून उभा केला होता. त्याच्यामागं हंडे, घागरी, तेलाचे डबे, निळे ड्रम यांची रांग कारखान्याच्या फाटकापर्यंत गेली होती. बाया मांडवात आणि त्यांचे हंडे उन्हात. ड्रायव्हर हरिबा लिंबाखाली आडवा झाला होता. टँकरचा व्हॉल्व्ह फिरवायची दांडी त्याला काढून खिशात ठेवायला सांगितली होती. आधीच पाणी सोडलं तर साहेबांना ओवाळणार कोण!

फटीतून कडूबाईचा चेहरा आत आला. ओठ फुटले होते.

"बंकट, कवा सोडणार रे? सकाळी धाला हंडा लावलाय. शेळ्या घरी वरडायल्या असतील."

"ओवाळल्यावर."

"अन् त्यो कवा येणार?"

"मला काय म्हाईत! मी काय त्याचा सेक्रेटरी हाय?"

तो बहिणीवर खेकसला आणि लगेच त्याला स्वतःचाच राग आला. कडूबाई मागं सरून आपल्या हंड्याजवळ जाऊन बसली. कीबोर्डवाल्या गहिनीनाथनं बटन दाबलं. बेस सुरू झाला. मोठ्या खोक्यांतून, घासूनपुसून ठेवल्यासारखा स्वच्छ, एकही बोट न चुकणारा. बंकटनं सवयीनं बोटं तारांवर ठेवली आणि चार मात्रांनंतर उचलली.

काहीच झालं नाही.

तो थांबला. एक कडवं गेलं. उत्तरेश्वर गात होता, गहिनीनाथ कीबोर्डवर वाकला होता, ड्रमवाला आपल्याच तंद्रीत. दुसरं कडवं गेलं. बंकट दोन्ही हात खाली सोडून उभा होता आणि मांडवातली तीनशे माणसं ठेका धरून टाळ्या वाजवत होती. बावीस वर्षं ज्या क्षणाची त्याला धास्ती होती तो येऊन गेला होता आणि कुणाच्या बापाला त्याची खबर नव्हती.

त्यानं गिटार गळ्यातून काढली आणि स्टँडला टेकवली. खोळीतली पकड घेतली. पडदा बाजूला सारला आणि मागच्या फळीवरून खाली उतरला. एकाचीही मान वळली नाही.

दांडी नसलेल्या व्हॉल्व्हचा दांडू बोटभर बाहेर आलेला असतो. दुसऱ्या कुणाला ते कळलं नसतं; पंपहाऊसच्या फिटरला कळायला काय लागतं? त्यानं पकडीत दांडू धरला आणि दात खाऊन पिळला. पहिल्यांदा पकड घसरली आणि बोटाचं कातडं निघालं. त्यानं एक सणसणीत शिवी हासडली. ती त्यानं नेमकी कुणाला घातली हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. दुसऱ्यांदा दांडू फिरला. जाड पाईपातून पाणी आलं, त्याच्या पायावर, आणि त्यानं घाईनं पहिला हंडा पुढं ओढला.

"अक्का," तो म्हणाला, "मांडवात जा. बायांला सांग. एकदम न्हाई, चार-चार जणी. अन् कालवा करायचा न्हाई."

कडूबाईनं त्याच्याकडं बघितलं, मग पाण्याकडं.

"अन् तुझं वाजवायचं?"

"चाललंय की तिकडं. ऐक."

बाया आल्या. चार-चार करत, तोंडाला पदर लावून. कुणी भांडलं नाही. एरवी टँकर म्हटलं की झिंज्या धरायची वेळ यायची. पण आज बाया आपल्या नंबरानं हंडा पुढं सरकवत होत्या. भरलेला हंडा उचलताना काठावरून पाणी सांडू नये म्हणून दुसरी बाई आपली ओंजळ खाली धरत होती. बंकट पकड दोन्ही हातांनी दाबून दर हंड्याला पाणी कमीजास्त करत होता. पडद्यापलीकडं गाण्यामागून गाणं होत होतं. मांडव रिकामा होत होता, पण बाया हंड्यांच्या रांगेत जाऊन बसल्या असतील असं समजून उत्तरेश्वर गातच होता. बेस एकदाही चुकला नाही. हरामखोर एकदाही चुकला नाही.

शेवटचा ड्रम अर्धा भरला आणि पाईप खोकून बंद पडला. तेव्हा साडेसहा झाले होते. बंकट पुन्हा फळीवर चढला, गिटार गळ्यात घातली आणि आपल्या जागी उभा राहिला. त्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली होती.

सात वाजता गाड्या आल्या. फटाक्यांची माळ लागली. चेअरमन मोहनराव पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, फेटा बांधून स्टेजवर चढले, खुर्चीवर बसले आणि समोर बघत राहिले. टेबलावर एकसष्ट दिवे पेटवून तयार होते. मांडवात पुढच्या खुर्च्यांवर संचालक मंडळ होतं, मागं नुसत्या सतरंज्या. एका सतरंजीवर दोन म्हाताऱ्या तेवढ्या बसल्या होत्या.

"बाया कुठंयत?" मोहनराव म्हणाले.

कुणीतरी पडद्यामागं पळालं. परत आलं ते हरिबाची गचांडी धरूनच.

"टँकर मोकळा हाय, साहेब. थेंब न्हाई."

हरिबा झोपेतून उठलेला. तो खिशातून दांडी काढून दाखवत होता. "साहेब, देवाशप्पत! दांडी माझ्यापाशीच हाय! मी सोडलं न्हाई!"

"दांडी तुझ्यापाशी हाय म्हणूनच तर!" मोहनराव उठले आणि त्यांनी त्याच्या मुस्काटात मारली. दिव्यांच्या ताटाला धक्का लागून दोन दिवे कलंडले. "उद्यापासून फाटकात पाय टाकायचा न्हाई. अजून कोण होतं मागं? ही बँडवाली होती ना?"

उत्तरेश्वर हात जोडून पुढं आला.

"साहेब, आमचा माणूस कुणी हालला न्हाई. एक वाजल्यापासून समदे जाग्यावर. माईकवर ऐकलंय की लोकांनी. ड्रम, कीबोर्ड, बेस, एक मिनिट खंड न्हाई. हा बंकट आमचा, पार पडद्याला चिकटून हुबा होता. बेस बंद पडला असता तर कळलंच असतं की!"

मोहनरावांनी बंकटकडं पाहिलं. ज्या कारखान्यात तो पंचवीस वर्षं नटाला पाना लावत होता, त्याच्या चेअरमननं त्याच्याकडं पहिल्यांदाच पाहिलं होतं, आणि त्यातही ओळख नव्हती. मग ते पुन्हा हरिबाकडं वळले. सुटला होता बंकट. नुसतं गप्प उभं राहायचं होतं, हालायचं होतं. तेच तर त्याला सांगून ठेवलं होतं.

हरिबा गालावर हात धरून रडत होता.

"गहिन्या," बंकट म्हणाला, "बटन दाब."

"आँ?"

"बेसचं बटन दाब म्हणलं ना!"

त्याच्या आवाजानं घाबरून गहिनीनाथनं बटन दाबलं. मोठ्या खोक्यांतून बेस सुरू झाला, धीमा, भरदार, अचूक. संचालकांच्या खुर्च्यांच्या पायांपर्यंत तो जाणवत होता. बंकटनं गिटार गळ्यातून काढली आणि साहेबांच्या टेबलावर, दिव्यांच्या शेजारी आडवी ठेवली. सगळे आधी गिटारकडं पाहू लागले, मग त्याच्या दोन्ही रिकाम्या हातांकडं. उजव्या हाताच्या बोटाला रक्त सुकलेलं होतं.

त्यानं खिशातून पकड काढली आणि गिटारवर ठेवली.

"हरिबाला सोडा, साहेब," तो म्हणाला. "बेस मी वाजवत न्हवतो."

बेस चालूच होता. बंद करायचं कुणाला सुचलं नाही.