अबोलीच्या कुंडीत

"हा छान वाजतो. ह्याच्या पोटात खोट नाही." मला घडवणाऱ्या कारागिराने मला कानाशी धरून असं म्हटलं होतं. तो आवाज अजून माझ्या काठाभोवती फिरतो. मित्रांनो, माझ्या पोटात खोट नाहीच. राग आहे.

मी कुंभकोणमचा एक जुना पितळी पेला. पसरट वाटीसारखा डबरा माझा जोडीदार. ब्याऐंशी साली तुकोजीरावांनी आम्हां दोघांना घरी आणलं. आतून नवी कल्हई, बाहेरून सोन्यासारखी झळाळी. तुकोजीराव शाळेत चित्रकला शिकवत. त्यांचे पूर्वज तंजावरच्या मराठी दरबारातले, म्हणून घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. सकाळी ते मला उंच धरून डबऱ्यात कॉफीची धार सोडत, फेस आणत, ओठ न लावता वरूनच पीत. मधूनच जुनी ओवी गुणगुणत.

"अहो, आधी घोट घ्या. ओवी काय पळून जाते?" त्यांची बायको मंगला म्हणायची.

"कॉफी कुठे पळते? तू पहारा देतेस ना."

त्या घराचा एक नेम होता. पेला रिकामा परत आला, म्हणजे माणूस ठीक. ताप असो, रुसवा असो, मोजायचं माप मी.

पुढे तुकोजीरावांच्या ओव्या थांबल्या. कुणाच्या लक्षात आलं? माझ्या. मग पाय सुजले. रक्तदाब जुनाच होता. तपासणीत निघालं, मूत्रपिंडं नीट काम करत नाहीत. गोळ्या आल्या, मीठ गेलं. मंगला रोज कॉफीबरोबर डबऱ्यात गोळ्या ठेवी. तुकोजीराव आम्हांला घेऊन मागच्या अंगणात जात. अबोलीच्या कुंडीत आधी गोळ्या, त्यांवर माती, मग सगळी कॉफी. मिशी पुसून ते रिकामा पेला परत आणून देत.

मी डबऱ्यावर आपटून खणखणलो. पितळेचं कोण ऐकतं!

त्यांची बहीण गंगाबाई म्हणे, "दादाला कसलं दुःख? पोरीचं लग्न झालं, नोकरी चालू आहे. नुसता आळस. पेला बघ, कसा चाटूनपुसून रिकामा."

गंगाबाई, रिकामा मी नव्हतो हो. तुमचा दादा रिकामा होत होता, आणि तुम्ही माझा तळ बघत होतात.

प्रत्येक तपासणी आधीच्यापेक्षा वाईट. डॉक्टर स्वामीनाथ गोळ्या वाढवत गेले. सगळ्या कुंडीला मिळाल्या.

शेवटी अबोली वाळली. मंगलाने माती उकरली, तर भिजून फुगलेल्या पांढऱ्या गोळ्या. ती रडली नाही. तुकोजीराव दवाखान्यात जायला तयार नव्हते, म्हणून डॉक्टरांना तिने घरीच बोलावलं. ते कॉफीची वाट पाहत बसले. तिने त्यांच्यापुढे मला ठेवलं. आत मातकट गोळ्या.

"घ्या," ती तमिळमध्ये म्हणाली.

डॉक्टरांनी एक गोळी उचलून तिची माती पुसली. "मी रिपोर्टच पाहत राहिलो. झोप लागते का, जेवावंसं वाटतं का, कधी विचारलंच नाही."

"किडनीच्या दुखण्यात झोपेचं काय काम?" दारात उभी असलेली गंगाबाई म्हणाली.

"पुष्कळ आहे, अम्मा. ह्या दुखण्यात अनेकांचं मन खचतं. खचलेला माणूस जेवण टाळतो, औषध टाळतो, मग मूत्रपिंडं आणखी खालावतात. त्याने मन आणखी खचतं. दोन्हींवर उपचार आहेत. पण ह्याला आळस म्हणत बसलात तर एकही लागू पडायचा नाही."

गंगाबाई पदराशी चाळा करू लागली. मला बरं वाटलं. का वाटू नये?

मित्रांनो, आता मी माळ्यावर आहे. कल्हई उडाली, घरात स्टील आलं. मला घासा, न घासा. पण माणसाची विचारपूस माझ्या तळावरून करू नका. त्याच्याजवळ बसा. गाणारा माणूस गप्प झाला, तर का झाला ते विचारा.

त्या दिवशी डॉक्टर गेल्यावर मंगलाने तेच केलं. ती नवऱ्याशेजारी बसली. "रागावलेय मी, खूप रागावलेय. पण ऐकेन. बोला."

तुकोजीरावांनी मला उचललं, हातात फिरवलं. मग घरच्या मराठीत, खाली बघत म्हणाले, "सकाळ झाली की भीती वाटते, मंगला. उठावंसंच वाटत नाही. तुला कसं सांगू ते कळेना, म्हणून रिकामा पेला आणून देत होतो."