रिकामी कशी द्यायची?

शेजारणीचं भांडं रिकामं परत करणारी बाई पेणमध्ये अजून जन्माला यायची आहे. कालवणाची वाटी आली, तर परत जाताना तिच्यात निदान चिमूटभर साखर तरी हवी. दिपिकाने हाच धर्म फ्लॉपीलाही लावला आणि तिथेच माशी शिंकली.

रोह्याच्या अफशाने, तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीने, वर्षभर खपून स्वतःचा एक गेम बनवला होता. उधाणाचं पाणी खाजणातल्या शेतात शिरू द्यायचं नाही, बांध फुटेल तिथे चिखल थापत राहायचं, एवढाच खेळ; पण एकदा बसलं की उठवत नसे. त्यातले पहिले दोन डाव तिने फ्लॉपीवर घालून दिपिकाला खेळायला दिले. आत कुणी काही भरू नये म्हणून फ्लॉपीची बारकी खिट्टीही बंद केली होती. दिपिकाने ती नखाने उघडली, गावात हातोहात फिरणारा पत्त्यांचा फुकट गेम आत घातला आणि शनिवारी मोठ्या तोऱ्यात फ्लॉपी परत पाठवली.

सोमवारी, सव्वीस एप्रिलला, तिने आपल्या लग्नपत्रिका छापायच्या दुकानात कॉम्प्युटर सुरू केला तर पडदा काळा ठिक्कर. पनवेलच्या दुरुस्तीवाल्याने फोनवर सांगितलं की हा व्हायरस वर्षभर गप्प बसतो आणि आजच्या तारखेला सगळं पुसून टाकतो. फुकटच्या गेममधून आला असणार. तो आणखी कुणाला दिला असेल, तर त्यांना आज मशीन लावू देऊ नका.

पत्रिका काय, पुन्हा जुळवता आल्या असत्या. अफशाचं वर्षभराचं अख्खं काम मात्र तिच्या त्या एकाच मशीनवर होतं, आणि तिचा भाऊ मुराद बुधवारी तो गेम मस्कतला नेऊन कंपनीत दाखवणार होता. रोह्याची लाइन काही लागेना. शेवटी दुकानाला कुलूप घालून तिने एसटी धरली.

नागोठण्याला ड्रायव्हर चहाला उतरला तो उतरलाच. दिपिका उठली, बसली, पुन्हा उठली. कंडक्टरने विचारलं, माहेरी कुणी आजारी आहे का? ती हो म्हणून मोकळी झाली. दुसरं सांगणार तरी काय?

अफशा दारातच भेटली. सकाळपासून लाइट नाही, मशीन लावायचं खोळंबलंय, असं कुरकुरत तिने सरबत पुढे केलं. दिपिकाचा जीव भांड्यात पडला आणि लगेच लाजेने अर्धा झाला. पत्त्यांचा गेम भारी आहे, काल दिवसभर खेळले, असं अफशा कौतुकाने सांगत होती. आज मुहूर्त बरा नाही, अशी काहीतरी थाप मारून वेळ निभावावी, असं दिपिकाच्या मनात आलंही.

तेवढ्यात डोक्यावरचा पंखा फिरू लागला. अफशा उठली आणि तिने मशीनच्या बटणाकडे हात नेला.

"नको लावू," दिपिका म्हणाली. "मी दिलेल्या गेममध्ये व्हायरस हाय. माझं मशीन सकाळीच गेलं."

अफशाने हात मागे घेतला. आधी वायर भिंतीतून उपटली आणि मग खाली बसली. दिपिका शिव्यांची वाट पाहत राहिली.

"मुरादची फ्लॉपीसुदा मी तपासल्याबिगर घालत नाय," अफशा शेवटी म्हणाली. "तुझी तेवढी तपासली नाय गो."